विनाइल रेकॉर्डचा आवाज खरंच मोबाइलपेक्षा भारी असतो का? पैसे घालण्याआधी हे समजून घ्या



मंद पिवळा दिवा, फिरणारी काळी तबकडी, तिच्यावर अलगद टेकणारी सुई आणि मागे पिंक फ्लॉइड. असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये आलंच असेल. आणि हे फॅड फक्त रील्सपुरतं नाही बरं का. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ४ कोटी १० लाख विनाइल रेकॉर्ड्स विकल्या गेल्या आणि सीडी विकल्या गेल्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्ड्सनी सीडीला मागे टाकलं.

पण आपल्याकडे किंमत बघितली की हात आखडतो. एका नव्या रेकॉर्डला दोन-तीन हजार सहज जातात. तेवढ्यात स्ट्रीमिंगचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन येतं आणि वर पैसेही उरतात. मग हा खर्च कशासाठी?

मी गेली काही वर्षं क्लासिक रॉकच्या रेकॉर्ड्स जमवतोय. घरी येणारा प्रत्येक मित्र हमखास विचारतो, "खरंच आवाज चांगला असतो का रे?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मोजून पाहिलं तर नाही. आणि तरीही मी रेकॉर्ड्स घेतो. ही दोन वाक्यं एकत्र कशी बसतात ते आज बघूया.

रेकॉर्डवर आवाज साठतो कसा?

रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसीची चकती. हो, आपल्या पाण्याच्या पाइपचंच घराणं! काळा रंग येतो तो त्यात मिसळलेल्या कार्बनमुळे. त्याआधी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड्स होत्या. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेपासून बनायच्या, आणि जगाला ही लाख मुख्यतः भारतातून जायची. त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाइलची १२ इंची एलपी आणली. ती मिनिटाला ३३.३३ फेरे घेते आणि तिच्या एका बाजूवर २०-२२ मिनिटं आरामात बसतात. पुढे रॉक बँड्सनी जो 'अल्बम' मोठा केला, त्याला ही जागा एलपीने दिली.

रेकॉर्डवर गोल गोल रेघा दिसतात. प्रत्यक्षात ती बाहेरून आत जाणारी एकच सलग खाच असते. २२ मिनिटांच्या बाजूचा हिशोब केला तर ही खाच जवळपास अर्धा किलोमीटर लांब भरते. तिच्या दोन तिरक्या भिंती असतात. एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज, दुसरीवर उजव्याचा. सुई खाचेतून जाताना थरथरते, त्या थरथरीने कार्ट्रिजमधल्या चुंबक आणि कॉइलमध्ये अगदी बारीक वीज तयार होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करून स्पीकरला देतो. बस, एवढंच.

यात एक गंमत आहे. बेसचा आवाज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर गाणीच मावणार नाहीत. म्हणून रेकॉर्ड बनवताना बेस मुद्दाम कमी करतात आणि बारीक आवाज वाढवतात. वाजवताना 'फोनो प्रीॲम्प' नावाचं सर्किट हे बरोब्बर उलटं करतं. हा प्रीॲम्प नसेल आणि टर्नटेबल थेट स्पीकरला जोडलं, तर आवाज अगदी हळू आणि पत्र्याच्या डब्यासारखा येतो. अशा वेळी रेकॉर्ड खराब आहे असं समजू नका.

मग डिजिटल आवाज 'तुकडे तुकडे' असतो का?

तुम्ही ते चित्र पाहिलं असेल. एकीकडे गुळगुळीत लाट, दुसरीकडे पायऱ्या-पायऱ्यांची लाट, आणि खाली लिहिलेलं असतं 'ॲनालॉग विरुद्ध डिजिटल'. हे चित्र दिशाभूल करतं.

१९८२ मध्ये आलेली सीडी आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं घेते. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या गणिताप्रमाणे एवढ्या मापांतून साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतची लाट पूर्ण परत मिळवता येते. माणसाला ऐकू येतं जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत, तेही तरुण वयात. आणि हेडफोनमधून जो आवाज बाहेर पडतो त्यात पायऱ्या नसतातच, ती सलग लाटच असते.

आता दुसरं माप. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असतं. चांगल्या रेकॉर्डवर ते साधारण ६० ते ७० असतं, कारण सुईची खरखर आणि धूळ हळू आवाज गिळून टाकतात.

शिवाय रेकॉर्ड जसजशी आत जाते तसतशी अडचण वाढते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ मात्र फक्त २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून बऱ्याचदा बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजांसारखे तीक्ष्ण आवाज थोडे फाटल्यासारखे वाटतात.

थोडक्यात, यंत्र म्हणून डिजिटल पुढे आहे. यात वाद नाही.

तरी काही रेकॉर्ड्स भारी का वाटतात?

याचं उत्तर आहे मास्टरिंग. गाणं रेकॉर्ड आणि मिक्स झाल्यावर विक्रीला जाण्याआधी एक इंजिनिअर त्याचा शेवटचा हात फिरवतो. बेस किती, आवाज किती मोठा, हे सगळं तिथे ठरतं. १९९० च्या दशकापासून कंपन्यांमध्ये 'आपलं गाणं सगळ्यात मोठ्याने वाजलं पाहिजे' अशी स्पर्धा लागली. त्यासाठी हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून टाकतात. सगळंच मोठं झालं की ड्रमचा ठोका उठून येत नाही आणि थोड्या वेळाने कान थकतात.

मेटालिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हे याचं गाजलेलं उदाहरण. त्याच अल्बमची गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्येही होती, आणि गेममधला आवाज सीडीपेक्षा मोकळा आहे हे चाहत्यांच्या लगेच लक्षात आलं. आता नीट बघा, सीडी डिजिटल आणि गेमही डिजिटल! फरक होता तो आवाज किती दाबला याचा.

रेकॉर्ड्समध्येही तेच. १९६९ चा 'लेड झेपलिन टू' रॉबर्ट लुडविग या इंजिनिअरने इतका दणदणीत कोरला होता की साध्या प्लेअरवर सुई उडायला लागली. कंपनीने मग तो पुन्हा, जरा सौम्य करून कोरून घेतला. पण त्या पहिल्या प्रतींमध्ये लेबलशेजारच्या रिकाम्या पट्ट्यावर 'आरएल' अशी अक्षरं कोरलेली आहेत आणि जमवणारे आज त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. अल्बम तोच, गाणी तीच, कव्हर तेच. बदलला तो कोरणारा हात.

म्हणजे जुनी रेकॉर्ड चांगली वाटली तर ते श्रेय अनेकदा न दाबलेल्या जुन्या मास्टरचं असतं. आजची नवी रेकॉर्ड जर दाबलेल्या डिजिटल फाइलवरूनच बनवली असेल, तर तुम्ही तोच आवाज दहापट पैसे देऊन घेताय.

जाणकारांनाही कळलं नाही!

२०२२ मध्ये याचा मोठा पुरावाच मिळाला. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या रेकॉर्ड्स काढते. त्या मूळ टेपवरून थेट, डिजिटलचा स्पर्श न होता बनतात अशी ग्राहकांची पक्की समजूत होती. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्याच इंजिनिअरांनी मान्य केलं की मधे एक डिजिटल टप्पा असतो आणि तो कित्येक वर्षांपासून वापरात आहे. ग्राहक भडकले, प्रकरण कोर्टात गेलं.

त्यांचा राग मला पटतो, कारण माहिती लपवली गेली. पण यातून दुसरी गोष्टही उघडी पडली. लाखो रुपयांच्या सिस्टिमवर ऐकणारे लोक इतकी वर्षं याच रेकॉर्ड्सच्या 'शुद्ध ॲनालॉग' आवाजाचं कौतुक करत होते आणि कानाने कोणाला काही कळलं नव्हतं.

मग मी रेकॉर्ड्स का घेतो?

पहिलं कारण म्हणजे अल्बम जसा बनवला तसा ऐकायला मिळतो. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) दोन बाजूंमध्ये विचारपूर्वक विभागलाय. पहिली बाजू संपते, तुम्ही उठता, रेकॉर्ड उलटता आणि दुसरी बाजू नाण्यांच्या खळखळाटाने सुरू होते. मधली ती शांतता अल्बमचाच भाग आहे. ॲपवर ती उरत नाही. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' (१९६७) मध्ये तर ब्रिटिश रेकॉर्डच्या अगदी शेवटच्या, गोल बंद खाचेतही आवाज कोरलाय. सुई हाताने उचलेपर्यंत तो फिरत राहतो. आपण 'पिन अडकली' म्हणतो ना, तीच अडकलेली पिन त्यांनी मुद्दाम वापरली!

दुसरं कारण कव्हर. 'लेड झेपलिन थ्री' (१९७०) च्या कव्हरमध्ये फिरवायचं चाक आहे. रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स' (१९७१) वर चक्क खरी झिप होती. गठ्ठ्यात रेकॉर्ड्सना तिचा दाब बसून खड्डे पडायला लागले, म्हणून झिप थोडी खाली ओढून पाठवायला लागले, म्हणजे दाब मधल्या लेबलवर येईल. मोबाइलवर हे सगळं नखाएवढं चौकोनी चित्र होऊन जातं.

यात आपलाही एक धागा आहे. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक'चा काही भाग भारतीय वादकांसोबत रेकॉर्ड केला. बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं संगीतही तिथलंच. ही रेकॉर्ड हातात घेतली की लंडन आणि मुंबई एकाच कव्हरमध्ये दिसतात.

तिसरं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं, आणि ते म्हणजे मालकी. जानेवारी २०२२ मध्ये एका पॉडकास्टच्या वादावरून नील यंगने आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली. ती परत आली मार्च २०२४ मध्ये. दोन वर्षं महिन्याचे पैसे भरणाऱ्यालाही ती तिथे ऐकता आली नाहीत. त्याची भूमिका बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण स्ट्रीमिंग म्हणजे भाड्याचं घर आहे. भाडं भरताय तोवर राहायचं, आणि कोणती खोली कधी बंद होईल ते तुमच्या हातात नाही. शेल्फवरची रेकॉर्ड कोणी रात्रीत काढून नेत नाही.

घ्यायचंच ठरवलं तर

• अगदी स्वस्त सूटकेस प्लेअर टाळा. त्यांतल्या अनेकांची सुई जास्त वजनाने टेकते आणि वजन कमी-जास्त करता येत नाही. चांगल्या टर्नटेबलवर हे वजन साधारण दीड ते अडीच ग्रॅम ठेवतात. जास्त वजनाने खाच लवकर झिजते.
• टर्नटेबलमध्ये फोनो प्रीॲम्प आहे का ते आधी विचारा. नसेल तर तो खर्च वेगळा धरा.
• मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी रेकॉर्ड मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरून बघा. नखाला लागणारा चरा असेल तर ती बहुधा वाजताना अडकणार.
• ऑनलाइन जुनी रेकॉर्ड घेताना 'एनएम' म्हणजे जवळजवळ नवी, 'व्हीजी प्लस' म्हणजे किरकोळ खुणा. नुसतं 'व्हीजी' ऐकायला छान वाटतं, पण त्यात खरखर गृहीत धरा.
• लेबलशेजारी कोरलेले आकडे आणि अक्षरं डिस्कॉग्स या वेबसाइटवर शोधा. तुमची प्रत कुठली, कधीची, हे बऱ्याचदा तिथे सापडतं.
• '१८० ग्रॅम' या स्टिकरला भुलू नका. जाड रेकॉर्ड सहसा वाकत नाही, पण आवाज मास्टरवरच ठरतो.
• रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. उन्हापासून आणि पावसाळ्यातल्या ओलीपासून जपा, नाहीतर एक वाकते आणि दुसरीला बुरशी धरते.

आधी हा फुकटचा प्रयोग करा

तुमच्या ॲपमध्ये एखादा जुना रॉक अल्बम शोधा. अनेकदा त्याच्या दोन-तीन आवृत्त्या असतात, काहींवर 'रिमास्टर' आणि वर्ष लिहिलेलं असतं. सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज समान ठेवायचा पर्याय चालू करा, म्हणजे मोठा आवाज कानाला फसवणार नाही. शक्यतो वायरचा हेडफोन लावा आणि तेच गाणं दोन्हीकडे ऐका. मास्टरिंग म्हणजे काय ते एक रुपया न घालता कळेल.

म्हणून फक्त चांगल्या आवाजासाठी रेकॉर्ड घेणार असाल तर माझा सल्ला सरळ आहे: तेच पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाला. पण एखादा अल्बम तुम्हाला इतका आवडत असेल की तो चाळीस मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावासा वाटतो आणि तो कायमचा आपला हवा असं वाटतं, तर त्या एका अल्बमची रेकॉर्ड बिनधास्त घ्या. सुरुवातीला ती एकच पुरे.