मेंदूची स्थिती पाहून दिलेले उत्तेजन

औषध कोणते, याइतकेच ते केव्हा द्यावे, याचा विचार आपण वैद्य नित्य करतो. मेंदूस द्यावयाच्या उत्तेजनासही हाच प्रश्न लागू पडतो. ठरावीक अंतराने दिलेले उत्तेजन मेंदूच्या तत्कालीन स्थितीची दखल घेत नाही. प्रतिसाद-नियंत्रित पद्धतीत यंत्र प्रथम मेंदूतील विद्युत्-तरंग वाचते, अपेक्षित खूण दिसताच उत्तेजन देते व पुन्हा वाचू लागते.

या तत्त्वावरील, कवटीत बसवावयाचे एक उपकरण औषधांनी न आवरणाऱ्या अपस्माराच्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत २०१३ साली संमत झाले. त्यास शस्त्रक्रिया लागते. संशोधकांस स्वस्त व शस्त्रक्रियेविना वापरता येईल असे साधन लाभावे, म्हणून कॅनडातील माँट्रियल येथील अभ्यासकांनी २०२२ मध्ये 'पोर्टिलूप' या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्याचा आराखडा व आज्ञावली सर्वांस खुली आहे. डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या विद्युदग्रांद्वारे ते निद्रेतील 'स्पिंडल' नामक, सुमारे सेकंदभर टिकणारे तरंग ओळखते आणि ते ओसरण्यापूर्वीच मंद ध्वनी ऐकवू शकते. या तरंगांचा स्मृतीशी असलेला संबंध अशा साधनांनी तपासता येतो.

रुग्णांनी विचारल्यास आपण स्पष्ट सांगावे, की हे संशोधनाचे साधन आहे. निद्रानाशावरील सिद्ध उपचार नव्हे. घरी जोडलेल्या यंत्राने डोक्यास विद्युत्प्रवाह देणे धोक्याचे आहे. अपस्माराच्या रुग्णाने तर अशा आशेवर चालू औषध मुळीच थांबवू नये. औषधालयांच्या चालकांनीही अशी उपकरणे उपचार म्हणून विक्रीस ठेवण्यापूर्वी त्यांस शासकीय संमती आहे की नाही, हे पाहावे, अशी आमची विनंती आहे.