बुडत्या जहाजाचा पुकारा

भर समुद्रात जहाज बुडू लागले म्हणजे बिनतारी यंत्रावर बसलेला खलाशी अखेरपर्यंत संदेश पाठवीत राहील, अशी पूर्वी साऱ्यांची भिस्त असे. परंतु जे जहाज काही मिनिटांतच उलटते, त्यावर पुकारा करण्यास मनुष्य कोठून उरणार? या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी तजवीज झाली, ती म्हणजे दर्यावर्दी लोक ‘ईपर्ब’ म्हणून ओळखतात ती, डेकवर उघड्या जागी बसविलेली लहानशी पेटी होय. जहाजाबरोबर ती दीड ते चार मीटर खोल गेली की पाण्याच्या दाबानेच तिचे बंधन सुटते, ती तरंगत वर येते आणि ४०६ मेगाहर्ट्‌झ कंपनसंख्येवर, दर ५० सेकंदांच्या सुमारास, जेमतेम अर्धा सेकंद टिकणारा संकेत निदान ४८ तास धाडीत राहते. तिची शक्ती अवघी ५ वॅट. तरीही तो संकेत अंतराळातील उपग्रहास पोहोचतो.

मात्र ‘मी येथे आहे’ एवढे म्हणण्याने ‘येथे’ म्हणजे कोठे, हे कसे कळावे? याचे उत्तर डॉप्लरच्या सिद्धान्तात आहे. आगगाडी जवळ येताना तिची शिटी तीव्र आणि दूर जाताना खर्जातली भासते, तद्वत सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहास हा संकेत प्रथम चढा व नंतर उतरता लागतो. हा पालट ज्या क्षणी होतो त्यावरून उपग्रहाच्या मार्गातील समीपतम बिंदू, आणि तो किती झपाट्याने होतो त्यावरून मार्गापासूनचे अंतर निघते. मार्गाच्या डाव्या व उजव्या अंगांस अशी दोन स्थाने संभवतात. त्यांतले खरे कोणते, याचा निवाडा पृथ्वीचे परिवलन आणि उपग्रहाची पुढली फेरी मिळून करतात. अलीकडील पेट्या जीपीएसने ठरविलेले आपले स्थान संकेतातच गुंफून पाठवितात.

आश्चर्य असे की, ही व्यवस्था शीतयुद्धाच्या काळात अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा व फ्रान्स यांनी १९७९ मध्ये केलेल्या करारातून उभी राहिली. ‘कॉस्पास-सारसॅट’ या योजनेचा पहिला उपग्रह सोव्हिएत रशियाने १९८२ च्या जूनमध्ये सोडला, आणि त्याच सप्टेंबरात त्याच्या साह्याने कॅनडात कोसळलेल्या विमानातील तिघांचे प्राण वाचले. आज भारतही तीत सामील असून बंगळूरच्या केंद्रात आलेले इशारे तटरक्षक दलाकडे रवाना होतात.

परंतु येणाऱ्या इशाऱ्यांपैकी बहुसंख्य खोटे, म्हणजे कोणाच्या तरी अनवधानाने सुटलेले असतात. प्रत्येक संकेतात पेटीचा स्वतःचा क्रमांक असतो. त्या क्रमांकापुढे दप्तरी नौकेचे व मालकाचे नाव, दूरध्वनी यांची नोंद असली, तर एका विचारणेने खऱ्याखोट्याची शहानिशा होते. नसली, तर तपास करणाऱ्यांस कोणती नौका, किती माणसे, हेही ठाऊक नसता निघावे लागते. म्हणून जो मालक पेटी विकत घेतो आणि नोंदणीचा अर्ज भरण्याचा कंटाळा करतो, त्याने या यंत्राचे अर्धेच मोल पदरात पाडून घेतले, असे म्हटले पाहिजे.