जुन्या बुलेटमधली वृत्तचिती
अमरावती-अकोल्याकडं एखाद्या घरी आजोबांची बुलेट ताडपत्रीखाली उभी दिसते. ही गाडी मूळची इंग्लंडची. १९५५ पासून मद्रासला बनू लागली.

पालकांनो, घरी इंजिन खोललं की पोरांना जवळ बसवा. ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९० मिमी. वृत्तचितीचे घनफळ काढा: २२/७ × ३.५ × ३.५ × ९ = ३४६.५ घनसेंमी. 'सीसी' म्हणजे हेच!

पण हौसेपायी चेसिस कापू नका. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल कायद्यात बसत नाहीत. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा.