समजून घ्या : सुरजागड खाणीचे क्षेत्र तेवढेच, मग विरोध कशाला?

गडचिरोली : एटापल्ली तालुक्यातील सुरजागड लोहखनिज खाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टन करण्यास २०२३ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. लीजचे क्षेत्र मात्र पूर्वीइतकेच, ३४८.०९ हेक्टर आहे. तरीही स्थानिकांचा विरोध का?

वन्यजीवांना धोका कसा?
उत्खनन तिपटीहून अधिक वाढले की स्फोट, धूळ आणि ट्रकच्या फेऱ्याही वाढतात. हे ट्रक जंगलातील रस्त्यांवरून जातात. सततची वाहतूक, आवाज आणि उजेड यामुळे अस्वल, बिबट्या यांच्या येण्याजाण्याच्या वाटा तुटतात. पावसाळ्यात खाणीतला लाल गाळ नाल्यांत उतरतो. म्हणजे परिणाम लीजच्या हद्दीत थांबत नाही.

गावांचे काय पणाला?
मोहफुले, तेंदूपाने, बांबू हा माडिया गोंड कुटुंबांचा आधार याच जंगलात आहे. सुरजागडच्या डोंगरावर त्यांचे ठाकूरदेवाचे ठाणे असून जानेवारीत तिथे यात्रा भरते.

सुनावणीवर आक्षेप काय?
पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी लागते. क्षमतावाढीची सुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी शंभरहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात झाली. खाणीमुळे रोजगार मिळतो, असे समर्थक सांगतात. विरोधकांचा प्रश्न साधा आहे : ज्यांच्या दारात खाण आहे, त्यांनी बोलायला एवढ्या लांब का जायचे?