ठासणीच्या बंदुकांचे मेळावे (अमेरिका)

ठासणीच्या बंदुकांचे मेळावे हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत भरणारे नेमबाजीचे आणि जुन्या राहणीचे मेळावे आहेत. नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरून ती गजाने ठासावी लागते अशा बंदुका घेऊन, बहुधा १८४० पूर्वीच्या धाटणीचा पोशाख करून आणि त्या काळच्या तंबूंत राहून सहभागी लोक काही दिवस एकत्र घालवतात. अशा मेळाव्याला तेथे 'राँदेव्हू' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ठरलेल्या जागी भेटणे असा आहे. १९७० व १९८० च्या दशकांत भरभराटीला आलेल्या या मेळाव्यांची उपस्थिती पुढे अनेक ठिकाणी रोडावली. जे मेळावे अद्याप भरतात त्यांतला अस्सलपणाही ओसरला, अशी जुन्या सहभागींची तक्रार असते. या दोन्ही गोष्टींची कारणे एकमेकींत गुंतलेली आहेत.

बंदूक आणि ती भरण्याची रीत

मराठीत 'ठासणीची बंदूक' हा शब्द आजही चालता आहे. कोकणात रानडुकरे व वानरे यांच्यापासून पिकांची राखण करण्यासाठी शेतकऱ्यांना अशा बंदुकांचे परवाने दिले गेले आहेत. त्यामुळे तेथील वाचकाला ही वस्तू केवळ संग्रहालयातली वाटण्याचे कारण नाही. दारू पेटवण्याच्या पद्धतीवरून तिचे तीन मुख्य प्रकार पडतात. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकेला लावली जाते. शिवकालात आपल्याकडे वापरात असलेल्या बंदुका बहुतांशी या जातीच्या होत्या. चकमकीच्या बंदुकीत घोड्यात धरलेली गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकीत स्फोटक द्रव्य भरलेली तांब्याची लहानशी टोपी घोड्याच्या आघाताने पेटते. अमेरिकी मेळाव्यांत मुख्यतः शेवटचे दोन प्रकार दिसतात.

दारू शिंगातून थेट नळीत ओतत नाहीत. नळीत एखादी ठिणगी राहिली असेल तर सगळे शिंगच पेटेल, म्हणून दारू आधी मापात घ्यायची आणि मापातून नळीत घालायची हा पहिला नियम. मग तेल किंवा चरबी लावलेल्या सुती कापडाची चकती नळीच्या तोंडावर ठेवून तिच्यावर शिशाची गोल गोळी बसवतात आणि गजाने दारूपर्यंत खाली ठासतात. गोळी व दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा, प्रसंगी फुटण्याचा धोका असतो. जाणते नेमबाज त्यासाठी गजावर खूण करून ठेवतात. चकमकीच्या बंदुकीत यानंतर कानाजवळच्या वाटीत बारीक रंजक घालतात. चाप ओढल्यावर ठिणगी, रंजक आणि मुख्य बार यांत निमिषभराचे अंतर पडते, आणि तेवढ्या अवधीत हात व दृष्टी हलू न देणे हेच या नेमबाजीचे मर्म होय. काही बार उडाले की नळीत काजळी धरते, ती ओलसर फडक्याने पुसावी लागते. दमट हवेत रंजक ओल धरते. गार बोथट झाली की ठिणगी मंद पडते. हे सारे पुस्तकात लिहिलेले सापडते, परंतु हातात उतरते ते शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी माणसामुळेच. मेळाव्याचे महत्त्व मुळात येथे आहे.

मूळ राँदेव्हू

१८२५ च्या जुलै महिन्यात विल्यम हेन्री ॲशली या व्यापाऱ्याने आजच्या वायोमिंग राज्यात, ग्रीन नदीला मिळणाऱ्या हेन्रीज फोर्क या प्रवाहाच्या काठी पहिला राँदेव्हू भरवला. रॉकी पर्वतात बीव्हर या प्राण्यासाठी सापळे लावणाऱ्या लोकांनी वर्षातून एकदा ठरलेल्या जागी यावे, कातडी द्यावीत आणि पुढील वर्षाची सामग्री घ्यावी अशी ही योजना होती. सेंट लुईसहून दारू, शिसे, कापड, तंबाखू, साखर, कॉफी आणि पुढे मद्यही घेऊन तांडे येत. माल मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जाई, आणि वर्षभर बर्फात राबलेल्या माणसाची कमाई थोड्या दिवसांत व्यापाऱ्याकडे परत जाई. शोशोनी, नेझ पर्स, फ्लॅटहेड इत्यादी जमातींचे लोकही तेथे मोठ्या संख्येने असत. त्यांच्यावाचून तो व्यापार चाललाच नसता.

युरोपात रेशमी टोप्यांची चाल पडली, बीव्हरही विरळ झाला, आणि १८४० मध्ये शेवटचा राँदेव्हू भरला. उपस्थिती रोडावल्याने बंद पडण्याचा इतिहास या मेळाव्यांना असा मुळापासूनच आहे. तो काळ प्रत्यक्ष पाहून चितारणारा चित्रकार एकच, आल्फ्रेड जेकब मिलर. विल्यम ड्रमंड स्ट्यूअर्ट या स्कॉटिश उमरावाबरोबर तो १८३७ च्या मेळाव्याला गेला होता. आजचे सहभागी पोशाख शिवताना त्याच्याच चित्रांचा आधार घेतात.

या कथेत भारताचा एक धागा आहे. काळ्या दारूत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो, आणि एकोणिसाव्या शतकात उत्तम सोऱ्यासाठी जग भारताकडे पाहत असे. अमेरिकी यादवी युद्ध सुरू झाले त्या १८६१ साली ड्यूपाँ कंपनीचे लामॉ ड्यूपाँ सोऱ्याच्या खरेदीसाठी इंग्लंडला गेले. तेथे साठलेला सोरा भारतातून आलेला होता.

पुनरुज्जीवन

काडतुसांची बंदूक आल्यावर ठासणीची बंदूक मागे पडली, तरी ॲपलाचियन डोंगराळ भागात ती पूर्णपणे नाहीशी झाली नाही. १९३१ मध्ये ओहायोतील पोर्ट्समथ येथे अशा बंदुकांची एक स्पर्धा झाली. तिच्यातून १९३३ मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. इंडियानातील फ्रेंडशिप या छोट्या गावी तिचे मैदान आहे आणि तेथील राष्ट्रीय स्पर्धांना मोठी परंपरा आहे. या पहिल्या पिढीला पोशाखाचे विशेष अगत्य नव्हते. आजोबांची बंदूक भिंतीवरून काढून ती नेमकी कशी चालते हे पाहणे एवढाच तिचा हेतू होता.

राहणीचे पुनर्निर्माण नंतरचे आहे. १९६८ मध्ये अमेरिकन माउंटन मेन ही संघटना निघाली. सदस्याने आपले कपडे व साहित्य शक्यतो स्वतः करावे आणि जुन्या साधनांनिशी रानात राहून दाखवावे असा तिचा आग्रह होता. १९७२ च्या 'जेरेमाया जॉन्सन' या चित्रपटाने डोंगरातल्या एकाकी शिकाऱ्याची प्रतिमा घरोघर नेली. १९७६ च्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने इतिहासप्रेमाला उधाण आणले. कायदाही अनुकूल होता: १९६८ च्या केंद्रीय शस्त्र कायद्याने १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि ठासणीच्या प्रतिकृती यांना बहुतेक बंधनांतून वगळले, त्यामुळे त्या टपालानेही मागवता येत. थॉम्पसन सेंटर कंपनीने १९७० मध्ये 'हॉकन' नावाची बंदूक बाजारात आणली आणि हजारो लोकांनी पहिला बार तिच्यातूनच उडवला.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या मूळ बंदुकांशी या बंदुकीचे साम्य बेताचे होते. तिचा चाप-घोड्याचा साचा आधुनिक, पितळी साज जास्त आणि दृष्टिसाधन स्क्रूने फिरणारे. शिवाय मूळ राँदेव्हूच्या काळात बहुसंख्य लोकांच्या हाती पेनसिल्व्हेनिया धाटणीच्या चकमकीच्या साध्या बंदुका असत. हॉकनची कीर्ती बरीचशी नंतरची आहे. ज्या सुवर्णकाळाशी आजची तुलना केली जाते, तो काळही पुस्तकी अर्थाने तितकासा अस्सल नव्हता.

मेळाव्याचे स्वरूप

मेळाव्याच्या प्रमुखाला 'बूशवे' म्हणतात (फ्रेंच 'बूर्झ्वा' शब्दाचा हा डोंगरी अपभ्रंश), आणि शिस्त राखणाऱ्यांना 'डॉग सोल्जर'. छावणीचे सहसा दोन भाग असतात. आतल्या भागात कॅनव्हासचे तंबू व टिपी, लोखंडी तिपाईवर टांगलेली भांडी, मेणबत्तीचे कंदील. प्लास्टिक, शीतपेटी, घड्याळ दृष्टीस पडू नये असा नियम. बाहेरच्या भागात मोटारघरे उभी असतात, त्यांना थट्टेने 'पत्र्याची टिपी' म्हणतात. स्पर्धांत कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी मारून तिच्या दोन तुकड्यांनी दोन्ही बाजूंची लक्ष्ये फोडणे, ज्योतीवर नेम धरून मेणबत्ती विझवणे, धावता धावता बंदूक भरून ठरावीक जागी बार उडवणे हे प्रकार लोकप्रिय आहेत. चकमकीने विस्तव पेटवणे व टोमाहॉक फेकणे हेही असते.

अस्सलपणाचा वाद

छावणीचे नियम दिसणाऱ्या वस्तूंवर चालतात, कारण दिसणारी वस्तूच तपासता येते. शिवण यंत्राची की हाताची, बूट कोणत्या काळचे, चष्म्याची कडी गोल आहे की नाही यावर वाद झडतात. कडक नियम असलेल्या छावणीत नवख्याला पहिल्याच वर्षी तंबू, कपडे, बंदूक व भांडी यांवर मोठा खर्च करावा लागतो, आणि चारचौघांत चूक दाखवली गेली की तो पुन्हा येत नाही. नियम सैल केले की संख्या तात्पुरती वाढते. परंतु मग विक्रेत्यांच्या रांगेत आयात केलेल्या शोभेच्या वस्तू येतात, प्रेक्षक जत्रेसारखे फिरतात, आणि ज्यांच्याकडून शिकायचे ते जुने लोक खासगी, निमंत्रितांच्या लहान छावण्यांकडे वळतात. वायोमिंगमधील फोर्ट ब्रिजर येथे दरवर्षी लेबर डेच्या सुमारास भरणारा मेळावा प्रेक्षकांना खुला असतो आणि मोठा असतो. मात्र तो किल्ला १८४३ चा, म्हणजे शेवटच्या राँदेव्हूनंतरचा आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

गोऱ्या सहभागींनी मूलनिवासी जमातींचा विधिवेष घालण्यावरही आक्षेप घेतले गेले आहेत. हा आक्षेप शिवणीच्या वादापेक्षा गंभीर आहे, कारण ज्या लोकांची ती वस्त्रे आहेत ते आजही हयात आहेत.

पोशाखावरील या लक्षामुळे कौशल्याकडे काहीसे दुर्लक्ष झाले. चार दिवस उत्तम वेषात वावरून एकही बार न उडवणारे लोक मेळाव्यात असतात. याउलट ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय समिती ज्या जागतिक स्पर्धा घेते त्यांत वेषाला महत्त्व नाही. तेथे मूळ बंदुका व प्रतिकृती असे वेगळे गट असतात आणि निकाल लक्ष्यावरील छिद्रे पाहून लागतो.

नवी बंदूक, दुर्मीळ दारू

१९८५ मध्ये टोनी नाइट यांनी 'एमके-८५' ही इन-लाइन पद्धतीची बंदूक आणली. तिच्यात ठिणगी नळीच्या सरळ मागून येते आणि बाह्यरूप आधुनिक रायफलीचे असते. अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम आहे. नव्या बंदुकीने तो हंगाम साधता येऊ लागला, त्यासाठी जुनी विद्या शिकण्याची गरज उरली नाही. पूर्वी शिकारीसाठी हॉकन घेणारा तरुण हौसेने राँदेव्हूकडे वळे. आता तो वळत नाही. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये सुरू केलेला नाताळानंतरचा हंगाम मात्र चकमकीच्याच बंदुकीसाठी राखून ठेवला, आणि कोलोराडोने आपल्या हंगामात दुर्बीण व दाबून केलेल्या दारूच्या वड्या यांना मनाई केली.

दारूचा प्रश्न याहून अवघड आहे. खरी काळी दारू कायद्याने स्फोटक ठरते, तिचा साठा करणे दुकानदाराला जिकिरीचे असते. पायरोडेक्ससारखे पर्याय ठेवायला सोपे, म्हणून दुकानांत तेच मिळतात. परंतु ते पेटायला अधिक उष्णता लागते आणि चकमकीच्या ठिणगीने ते खात्रीने पेटत नाहीत. टोपीवाल्याचे भागते, चकमकवाल्याला खरी दारूच हवी. अमेरिकेत ती बनवणारा प्रमुख कारखाना, लुइझियानातील गोएक्स, मालक हॉजडन कंपनीने २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये एस्टेस एनर्जेटिक्स या कंपनीने तो विकत घेतला, पण मधल्या काळात अनेक क्लबांना आपले साठे मोजून वापरावे लागले.

सद्यःस्थिती

१९७० च्या दशकात तिशीत असलेली पिढी आज पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहे. टिपीचे लांब खांब उचलणे, जमिनीवर झोपणे तिला जमत नाही; आणि नोकरीतून आठवडाभर रजा काढून दूरच्या कुरणात जाणे तरुणांना परवडत नाही. आठवडाअखेरचे लहान मेळावे त्यामुळे तुलनेने टिकून आहेत. दुसरीकडे, हाताने घडवलेल्या बंदुकांचा दर्जा आज अव्वल आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेली कंटेम्पररी लाँगरायफल असोसिएशन अशा कारागिरांना एकत्र आणते. त्या बंदुकांची किंमत पाहता त्यांतल्या बऱ्याच कपाटात राहतात. काही क्लबांनी नवख्यांसाठी उसनी बंदूक, उसना अंगरखा आणि एक जाणता सोबती देण्याची प्रथा सुरू केली आहे. पहिल्या दिवशी त्याला फक्त दारू मापायला आणि गजावरची खूण पाहायला शिकवतात.