सातबाऱ्यातील माणसे



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण कामगारांच्या कागदपत्रांनी केले. फंडाचे अर्ज, वारसाचे दाखले, जमिनीचे उतारे वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. ज्या कागदाला आपण केवळ कज्जेदलालीचा समजतो, त्यात आपले पणजोबा बसलेले असतात. त्यांना भेटायचे कसे, एवढेच आज सांगणार आहे.

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. इंग्लंडात तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक रीत होती. राजाकडून थेट जमीन धारण करणारा कोणी वारला, की राजाचा अधिकारी त्या भागातले पंच बोलावी आणि शपथेवर विचारी : जमीन कोणती, मालक कधी वारला, वारस कोण आणि त्याचे वय काय? वारस अज्ञान असला, तर जमिनीचे उत्पन्न काही वर्षे राजाच्या पदरात पडे. वयाची चौकशी त्यासाठीच. हेतू वसुलीचा होता, पण आज त्याच कागदांवरून तेथली माणसे आपली कुळकथा जुळवतात. गरीब कुळांची नावे तेथे नसतात. ती जमीनदाराच्या कचेरीतल्या दप्तरात सापडतात. कूळ मेले, की पुष्कळ ठिकाणी त्याचे सर्वांत चांगले जनावर धनी घेऊन जाई, आणि ते जनावर लिहिताना मेलेल्याचे नाव लिहावेच लागे!

आता आपल्या गावी येऊ. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामावली. आज तिचा आधार १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आहे. गाव नमुना सात आणि बारा मिळून आपला सातबारा होतो. पण सातबारा हा नुसता आजचा चेहरा आहे. इतिहास आहे तो नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत. जुन्या सातबाऱ्यावर काही नावांना कंस केलेला असतो, आणि नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क गेला. आकडा म्हणजे तो का गेला हे सांगणाऱ्या फेरफाराचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन वही उघडली, की मयत कोण, केव्हा वारला, वारस कोण, त्यांचे नाते व वय काय, हे सर्व बहुधा एका परिच्छेदात मिळते. इंग्लंडच्या राजाने विचारलेले प्रश्न आमचा तलाठीही विचारीत होता.

दोन खुणा लक्षात ठेवा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान असेल, तर पुढे बहुधा आईचे नाव येते. घरात जिला सारे नुसते 'म्हातारी' म्हणत, तिचे खरे नाव येथे सापडते. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे दिसले, की समजावे, जमीन एकाच्या नावावर दिसत असली तरी मागे भाऊ उभे आहेत.

मागे जाताना गट नंबर अडवतो. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले. दोहोंचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कचेरीत मागावा. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांनी नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. पेशवाईतले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्याआधीच्या वतनाच्या तंट्यांत गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. पाटील सहीच्या जागी नांगर काढी, बलुतेदार आपापल्या धंद्याचे हत्यार काढीत. हातातले हत्यार हीच सही! मला कामगार चळवळीच्या माणसाला याचे अप्रूप वाटले, तर नवल काय?

आपल्या नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, या कागदांना फार मोल आहे. गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. दीर्घ लढ्यानंतर, २०१२ च्या सुमारास, खंडकऱ्यांना आणि त्यांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या. पण वारस कोण, हे दाखवायचे कशावरून?

त्या दिवसांत साखर कारखान्यातला एक कामगार माझ्याकडे कागद घेऊन आला. आजोबांचे दोन मुलगे, एवढीच त्याची माहिती. आम्ही १९५८ चा फेरफार काढला. दोन मुलगे कब्जेदार म्हणून होते. आणि 'इतर हक्क' या रकान्यात विधवा आणि एक मुलगी. तो म्हणाला, "साहेब, आम्हाला आत्याच नाही." कागद म्हणत होता, आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलगीही वारस ठरली होती. पण गावोगावी भावांची नावे वरच्या रकान्यात आणि बहिणींची खाली, असेच चाले.

श्रोतेहो, मी गप्प बसू शकलो असतो. युनियनचा सभासद तो होता, आत्या नव्हती. पण एका कष्टकऱ्याचा हक्क दुसऱ्या कष्टकऱ्याचे नाव झाकून मिळवायचा, तर तीस वर्षे आम्ही दारावर घोषणा कशासाठी दिल्या? मी त्याला सांगितले, अर्जात तिचे नाव घाल. तो दोन आठवडे आला नाही. मग आला, तो संगमनेरकडच्या आतेभावाला बरोबर घेऊन. आत्या वारली होती. तिचे नाव मात्र अर्जात आले.

तेव्हा उद्या उतारा काढाल, तर आपले नाव शोधून थांबू नका. कंसातली नावे वाचा, खालचा रकाना वाचा. आपल्या घरचे कोणीतरी तेथे कधीचे वाट पाहत असेल.