रक्तातली खूण

आईच्या पोटातल्या बाळाचे यकृत अल्फा-फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन तयार करते. जन्मानंतर ते जवळजवळ नाहीसे होते. यकृताच्या कर्करोगात मात्र ते रक्तात पुन्हा वाढू शकते. हे १९६४ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ तातारिनोव्ह यांना आढळले.

लहान गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली, की त्याचे प्रमाण दर पाच-सहा दिवसांनी निम्मे होत जाते. ते उतरलेच नाही किंवा उतरून पुन्हा चढले, तर रोग शिल्लक असल्याची वा परतल्याची शंका येते. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग पुन्हा उद्भवतो. काही गाठी हे प्रथिन बनवतच नाहीत. म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांनी सांगितलेले स्कॅन चुकवू नये. घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख तुम्हीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.